मूळ गावाचा रकाना आणि घोड्याचा रस्सा

माझ्या मुलीने 'मूळ गाव' या रकान्यात 'गोवा' असं टाइप केलं, आणि मी ते चपात्या लाटता लाटता तिच्या खांद्यावरून वाचलं. फॉर्म बालमेळाव्याचा होता. कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या मुलांचा वर्षातून एकदा, थंडीत, मेळावा भरतो. यंदा प्रत्येकाने एका राजाची गोष्ट पाच मिनिटांत मराठीतून सांगायची होती. फॉर्ममध्ये नाव, इयत्ता, राजा आणि मूळ गाव. शेवटचा रकाना निवेदिका ताईंसाठी, म्हणजे मुलाला स्टेजवर बोलावताना त्यांना "आता येतोय आपला साताऱ्याचा अमुक" असं ठसक्यात म्हणता यावं.

"गोवा?" मी म्हटलं. माझ्या हातात लाटणं होतं हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी किती संयम राखला ते कळेल.

"इट्स सिंपलर, मम्मा," ती मान वर न करता म्हणाली आणि बटण दाबून मोकळी झाली.

आता गोव्याशी आमचा संबंध काय, तर लग्नानंतर एकदा चार दिवस गेलो होतो आणि यांची नवी कोरी चप्पल समुद्रकिनाऱ्यावरून चोरीला गेली. बस्स. आम्ही नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. शहराचं नाव अलीकडे बदललं, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. आमच्याकडे उपासनेत पेटी वाजते, तबला वाजतो, लग्नात हळद लागते, आणि नाताळच्या करंज्या दिवाळीच्या करंज्यांपेक्षा तसूभरही वेगळ्या नसतात. पण कुवेतमध्ये ख्रिस्ती माणूस म्हटला की तो मल्याळी, नाहीतर गोव्याचा, नाहीतर मंगलोरचा, नाहीतर थेट फिलिपिन्सचा. आणि मराठी माणूस म्हटला की तो ख्रिस्ती असूच शकत नाही. त्यामुळे मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात, हातात ताट घेऊन उभं असताना, एक संभाषण ठरलेलं असतं. "अय्या, म्हणजे गोव्याच्या का?" "नाही हो, नगरच्या." "असं होय! मग... कधी झालात?"

वीस वर्षं ऐकतेय मी हे. 'कधी झालात' हा खरा प्रश्न नसतोच. खरा प्रश्न त्याच्या पोटात असतो, की आधीचे कोण. तो तोंडावर विचारायची लाज वाटते म्हणून बायका तारीख विचारतात. मी मूड पाहून उत्तर देते. "परवाच्या बुधवारी," असं एकीला सांगितलं होतं. "अजून व्हायचंय, इकाम्याचं रिन्युअल झालं की होऊ," असं दुसरीला (इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना). तिला ते खरं वाटलं आणि तिने अभिनंदन केलं, काय बोलावं!

मी जिभेची तिखट, मला चालून जातं. पण ताट घेऊन माझ्या शेजारी गेली तेरा वर्षं ही पोरगी उभी होती. तिने हे सगळं ऐकलं आणि तिच्या परीने तोडगा काढला. गोवा म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही. विचारलंच तर माशांचं विचारतात.

मला आधी राग आला. मग रात्रीची भांडी घासताना वाईट वाटलं, आणि ते रागापेक्षा जास्त वेळ टिकलं. आपल्या लेकीला आपल्या गावाची लाज वाटते, हे कळल्यावर कुठल्या आईला घास गोड लागेल? माझा नवरा जहराच्या एका हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करतो. स्वभाव असा की बिघडलेल्या मशिनवरसुद्धा कधी ओरडत नाही. मी म्हटलं, "अहो, ताईंना फोन करून ते गाव बदलून घेऊ का?"

"मुळीच नको," हे म्हणाले. "तिने लिहिलंय. खोडायचं तर तीच खोडेल. तू मध्ये पडणार नाहीस, शपथ घे."

आमच्यात शपथ घेऊ नये म्हणतात. तरी घेतली. मेळाव्याला पाच आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बनेद अल-गारच्या क्लिनिकमध्ये, जिथे मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्या पहिल्या पेशंटच्या गुडघ्यापाशी उभी होते. पेशंट नॉर्वेचा. मीना अब्दुल्लाकडच्या एका प्लांटवर इंजिनिअर, साठीचा, दारात वाकून यावं लागेल एवढा उंच. बाथरूममध्ये घसरून गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. गुडघा वाकवायचा म्हटलं की हा गृहस्थ चेहरा असा करायचा की बाहेरच्या बाकावरचे पेशंट घाबरून घरी जावेत. त्या दिवशी त्याने माझ्या गळ्यातल्या चेनकडे पाहिलं. युनिफॉर्मच्या गळ्यातून क्रॉस बाहेर आला होता. इंग्रजीतून, अगदी गोड आवाजात, तो म्हणाला, "तुम्ही भारतीय ना? मग हे कसं? तुम्ही कधी कन्व्हर्ट झालात?"

घ्या! घरी गोवा, दारी नॉर्वे. मी खरं सांगते, मी गुडघा मुद्दाम जास्त दाबला नाही. जेवढा दाबायचा होता तेवढाच दाबला. फक्त त्या दिवशी दाबायला आनंद झाला.

"आणि तुम्ही कधी झालात?" मी विचारलं.

"मी?"

"तुम्ही. तुमचे पूर्वज काय बेथलेहेमहून नॉर्वेला गेले होते?"

त्याला हसू फुटलं, आणि असलं फुटलं की टेबल हललं. कोन मोजायची पट्टी लावलेलीच होती. गुडघा कालच्यापेक्षा चार अंश जास्त वाकला होता. मी ते लगेच कागदावर टिपलं.

"हजार वर्षं झाली असतील," तो डोळे पुसत म्हणाला. "साठ वर्षांत मला हे कोणी विचारलं नाही."

"आधीचे कोण होतात?" आयुष्यभर दुसऱ्याकडून ऐकलेला प्रश्न आपण विचारण्यात काय सुख असतं, ते त्या दिवशी कळलं.

"शेतकरी," तो म्हणाला. मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाला, "आणि उन्हाळ्यात जरा लूटमार."

इथून आमच्या राजाची गोष्ट सुरू झाली. राजाचं नाव मी लिहिणार नाही. या लिखाणात कोणाचंच नाव घालायचं नाही असं ठरवलंय, आणि मेलेल्या राजासाठी नियम मोडला तर जिवंत नणंदा विचारतील आमचं का नाही. तर तो नॉर्वेच्या एका राजाचा धाकटा मुलगा. लहानपणी त्याला इंग्लंडच्या राजाकडे वाढायला पाठवलं, तिथे तो ख्रिस्ती झाला. मिसरूड फुटायच्या वयात परत आला आणि नॉर्वेचा राजा झाला. सगळा देश जुने देव मानणारा, घोड्याचा बळी देणारा, आणि मधोमध हा एकटा ख्रिस्ती पोरगा सिंहासनावर. म्हणजे मंडळाच्या हळदीकुंकवात मी.

नॉर्वेवाला गोष्ट फार रंगवून सांगायचा. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हा लबाड गोष्टीत वेळ घालवतोय. पाऊण तासात तीस मिनिटं राजा आणि पंधरा मिनिटं गुडघा. शिवाय ऐन रंगात आली की थांबायचा आणि पाणी मागायचा, आणि मी वेडी, "मग काय झालं?" म्हणत त्याचा पाय खाली ठेवायची. चौथ्या दिवशी मी कायदा केला. पाय वाकलेला असेल तोवरच तोंड चालेल. पाय सरळ झाला की राजा गप्प. त्याने निषेध नोंदवला, पण त्या आठवड्यात गुडघा नव्वदच्या पुढे गेला.

मी ती गोष्ट घरी आणायची आणि जेवताना वाढायची. पहिल्या दिवशी लेकीचे कान फोनमधल्या गाण्यात होते. दुसऱ्या दिवशी एक कान बाहेर आला. राजाने सभा भरवून शेतकऱ्यांना सांगितलं, बाप्तिस्मा घ्या, जुने देव सोडा आणि दर सातव्या दिवशी काम बंद ठेवा. त्यावर शेतकरी म्हणाले, सातव्या दिवशी हात बांधून बसलो तर शेत कोण करणार? गडी म्हणाले, उपास धरला तर अंगात काम करायचं त्राण कुठून आणणार?

"सुट्टी नको म्हणाले?" हे घास हातात धरून म्हणाले. "असे कामगार आमच्या सुपरवायझरला हवेत."

"देन व्हॉट हॅपन्ड?" लेक म्हणाली. तिची आणि माझी ही नेहमीची तडजोड आहे, मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते.

"मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने उभं राहून राजाला सुनावलं. म्हणाला, तू चांगला आहेस, कायदे चांगले करतोस, म्हणून तुला राजा केलं. पण हे लादणार असशील तर सांग, आम्ही दुसरा राजा बघतो."

राजाने माघार घेतली. पण गडी हुशार. त्यांच्या थंडीतल्या मोठ्या सणाची तारीख त्याने हळूच सरकवून नाताळाला जोडली आणि कायदा काढला, की त्या सणाला प्रत्येक घराने बिअर गाळलीच पाहिजे, नाहीतर दंड. हे सांगताना नॉर्वेवाल्याच्या आवाजात असं कारुण्य आलं की मला दया आली. बिचारा कुवेतमध्ये, जिथे याच्या बरोबर उलटा कायदा आहे, तिथे कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, आणलेलं बिनदारूचं माल्टचं पेय पिऊन दिवस काढत होता.

मग घोड्याचा प्रसंग आला, आणि त्यानेच सगळं घडवलं. बळीची मोठी मेजवानी. शेतकरी हटून बसले, राजाने आपल्यासोबत खाल्लंच पाहिजे. पहिल्या संध्याकाळी त्याच्या हातात पेयाचं शिंग दिलं. त्याने पिण्याआधी त्यावर हळूच क्रूसाची खूण केली. लोक खवळले, हे काय? तेव्हा राजाचा एक सरदार, जुन्या देवांचाच पण राजावर माया करणारा, चटकन म्हणाला, "अहो, ती आपल्या देवाच्या हातोड्याची खूण आहे!" निभावलं. दुसऱ्या दिवशी घोड्याचं मटण शिजलं. राजा खाईना. बरं, निदान रस्सा पी. पीना. निदान वरची तर्री? नाही. हाणामारीवर आलं. तेव्हा त्याच सरदाराने तोड काढली. हंड्याची कडी वाफेने तुपाळ झालेली असते, राजाने तिच्यावर नुसतं तोंड उघडावं. राजा उठला, कडीला एक स्वच्छ तागाचं फडकं गुंडाळलं आणि त्यावर आ वासला.

"म्हणजे खाल्लं की नाही खाल्लं?" लेकीने विचारलं. मराठीत! तिच्या लक्षातही आलं नाही.

"तीच तर गंमत! शेतकरी म्हणाले, खाल्लं नाही. त्याचे मूठभर ख्रिस्ती साथीदार म्हणाले, खाल्लं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं." मी हसून हसून लोळायची बाकी होते. "काय तरी बाई राजा! फडकं घालून वाफ खातो म्हणे! एवढं तलवारीने देश जिंकला आणि हंड्यापुढे शेपूट घातलं!"

लेक माझ्याकडे बघत होती. "मम्मा," ती म्हणाली, "तू पण मंडळात जाताना चेन आत टाकतेस."

यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि फार वेळ पीत राहिले.

मी टाकते. खरं आहे. ड्रेसच्या आत, पिनेने. क्लिनिकमध्ये बाहेर असते, चर्चला बाहेर असते, आणि मंडळाच्या कार्यक्रमाला निघताना आरशासमोर आपोआप आत जाते. वीस वर्षांत मला वाटत होतं ते कोणाला दिसत नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, मी म्हटलं, "जेव गपचूप," आणि भाजी वाढली जी कोणाला नको होती. त्या रात्री तिने फॉर्म पुन्हा उघडून राजाच्या रकान्यात, जिथे 'ठरायचं आहे' लिहिलं होतं, तिथे आमचा राजा घातला. गावाच्या रकान्याला हात लावला नाही. मी बघितलं होतं. बघायची शपथ नव्हती, मध्ये पडायची होती.

दोन दिवसांनी निवेदिका ताईंचा फोन. आवाजात साखर. "अहो, तुमच्या मुलीने नॉर्वेचा राजा घेतलाय. छान आहे हं, वेगळा आहे. पण आपला नसता का घेता आला?"

"ताई, विषय 'एक राजा' असा आहे. पासपोर्ट कुठला ते लिहिलेलं नाही."

"हो, हो, ते आहेच. आणि गोष्टीत ते घोड्याचं मटण आहे म्हणे. पुढच्या रांगेत शाकाहारी मंडळी असतात. त्याऐवजी काही दुसरं नाही का चालणार? शिरा वगैरे?"

मी फोन कानापासून लांब धरून शांतपणे हसून घेतलं. मग म्हटलं, "ताई, राजाला शिरा खायला लावला असता तर त्याने दोनदा मागितला असता. गोष्टच संपली."

त्या बिचाऱ्या चांगल्या आहेत, त्यांनी मान्य केलं. बिअरचं मात्र सरबत करायचं ठरलं. जाता जाता त्या म्हणाल्या, "बाकी फॉर्म पूर्ण आहे ना? नाव, गाव सगळं?" माझ्या जिभेच्या टोकावर नगर येऊन उभं राहिलं. अगदी दातांपर्यंत. नुसतं एक वाक्य, ताई, गावात जरा चूक झालीय. यांना कळणारही नव्हतं. मी जीभ चावली. "हो," म्हटलं, "तिने लिहिलंय ते."

पुढचे तीन आठवडे घरात राजा राहायला आला. लेक आरशासमोर बोलायची आणि मी स्वयंपाकघरातून दुरुस्त करायची. "तो तलवार" नाही, "ती तलवार". "घोडा कापली" नाही गं बाई! ती चिडायची, मी चिडायची, हे बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. एका शुक्रवारी चर्चहून येताना (इथे सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे आमचा रविवारही शुक्रवारीच उरकतो) ती गाडीत म्हणाली, "पण त्याने सरळ सांगायला पाहिजे होतं ना? की मी खात नाही. किंवा सरळ खायला पाहिजे होतं."

"सरळ सांगितलं असतं तर मारला असता," मी म्हटलं.

"नाही ना पण. पुढच्या वर्षी त्यांनी घोड्याचं काळीज खायला लावलंच ना त्याला. फडकं घालून काय मिळालं?"

मी आणि यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन ही फॉर्म बदलणार. कसलं काय! घरी जाऊन दोन तास झोपली.

नॉर्वेवाल्याला मी एकदा लेकीच्या गोव्याचं सांगून टाकलं. का कोण जाणे, गुडघा हातात असला की माणूस मोकळा होतो, ज्याचा असतो तोही आणि आपणही. तो ऐकून घेऊन म्हणाला, त्याच्या राजानंतर जे राजे आले ते फडकी वगैरे घेऊन आले नाहीत, तलवार घेऊन आले. बाप्तिस्मा घे नाहीतर मान दे. त्यातल्या काही गोष्टी जेवताना सांगण्यासारख्या नाहीत, म्हणून त्याने क्लिनिकच्या टेबलावर सांगितल्या. देश ख्रिस्ती झाला तो असा. "आणि तरी आमच्याकडे लोकांना आवडतो तो पहिलाच," तो म्हणाला. "ज्याला जमलं नाही तो. त्याला आम्ही चांगला राजा म्हणतो." मग विचारलं, "तुमचे कसे झाले?"

या वेळी प्रश्नाच्या पोटात काही नव्हतं. मी सांगितलं. माझ्या पणज्याचे वडील गावकुसाबाहेरचे. गावच्या विहिरीवर पाणी भरायची बंदी. मिशनच्या शाळेत पहिल्यांदा बाकावर बसले आणि उठलेच नाहीत. कोणी तलवार दाखवली नाही, कोणी काळीज खाऊ घातलं नाही. ते स्वतःच्या पायांनी चालत गेले. हे मी परक्या माणसाला सांगत होते आणि माझ्या लक्षात आलं, लेकीला हे मी कधी सांगितलंच नाही. तिला फक्त माझी खोचक उत्तरं माहीत होती, बुधवार आणि इकामा. त्या संध्याकाळी तिला सांगितलं. चहा घेत, कुठलाही सल्ला न जोडता. हे माझ्या आयुष्यात क्वचित घडतं. ती "ओके" म्हणाली आणि बिस्किट बुडवून खाल्लं. बिस्किट तुटून कपात पडलं.

मेळाव्याच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसले. चेन बाहेर होती, आणि हॉलच्या एसीत गळ्याला गार लागत होती. आमच्या आधी सात राजे होऊन गेले. एकाची मिशी गळून पडली, एक राज्याभिषेकाच्या मधोमध "मम्मा, शूशू" म्हणाला. मग ताई माईकपाशी आल्या, कागद पाहिला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आणि आता येत आहे आपली गोव्याची लाडकी कन्या!"

टाळ्या. यांनी माझं मनगट धरलं, म्हणजे मी उठू नये म्हणून. मी उठणार नव्हते.

लेक आली. कमरेला माझ्या दुपट्ट्याची पट्टी, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. शिंगांचं शिरस्त्राण नाही, कारण नॉर्वेवाल्याने निक्षून सांगितलं होतं की शिंगं वगैरे सगळी नंतरची बनवाबनवी आहे. तिने गोष्ट सांगितली. तलवार दोनदा पुल्लिंगी झाली, पण कोणाला पर्वा नव्हती. सुट्टी नको म्हणणाऱ्या शेतकऱ्यांवर बापे खदखदून हसले. सरबताचं शिंग आलं, हंडा आला, आणि तिने आमच्या स्वयंपाकघरातलं चौकडीचं फडकं काढून हवेतल्या कडीला गुंडाळलं आणि आ वासला. सगळा हॉल हसून लोळला. पुढच्या रांगेतल्या शाकाहारी आजी सगळ्यात जास्त हसल्या.

"पण कोणीच खूश नाही झाला," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी त्यांनी त्याला घोड्याचं काळीज खायला लावलं. मग तो लढाईत मेला. त्याच्या मित्रांनी त्याला त्यांच्या जुन्या पद्धतीने पुरलं, आणि गाणं केलं की तो आमच्या देवांकडे गेला. त्याला विचारलं पण नाही. तो चांगला राजा होता. फक्त घाबरत होता." आणि वाकून नमस्कार केला.

टाळ्या वाजल्या. ताई हसत माईक घेऊन आल्या. "किती छान! आता नाताळ येईल तेव्हा तुमच्या गोव्यात तर काय धमाल असेल, नाही का गं?"

लेकीने माईककडे पाहिलं. मग आमच्याकडे नाही, त्या फडक्याकडे पाहिलं. ते अजून तिच्या हातात होतं. तिला बोलायला जो वेळ लागला, तेवढ्यात मी ठरवून टाकलं होतं की ती हो म्हणाली तरी मी टाळ्या वाजवायच्या. मनापासून ठरवलं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी गोव्याची नाहीये. फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलं. सॉरी. आम्ही नगरचे आहोत."

"अगं..." ताई गोंधळल्या. "पण नगरचे... ख्रिश्चन?"

"हो. असतात. खूप आहेत. माझ्या पणजोबांच्या वडिलांना विहिरीवर पाणी घेऊ देत नव्हते, शाळेत बसू दिलं, म्हणून ते झाले." सगळं एका दमात, कानांच्या पाळ्या लाल. पिढी एक इकडची तिकडे झाली होती, पण असू दे. मग ताईंच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "तिथे लिहा ना प्लीज. जिल्हा अहमदनगर. तालुका राहुरी."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसायचं नावही घेतलं नाही. हॉलमध्ये आधी कुणीतरी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. हे मात्र टाळ्या वाजवायचे थांबले आणि माझ्याकडे वळले.

"राहुरी?" ते म्हणाले. "अगं, राहुरी तर तुझं माहेर! आपलं गाव नेवासा तालुक्यात. मूळ गाव बापाचं लिहितात."

तेही खरंच. पिढ्यान् पिढ्या तेच लिहितात. लेक स्टेजवरून उतरून आमच्या दिशेने येत होती, मुकुट हातात, चेहरा अजून लाल, आणि ताई टेबलावर वाकून खरोखरच कागदावर काहीतरी खोडून लिहीत होत्या.

"जाऊन दुरुस्त करायला सांगू का?" यांनी विचारलं.

"उठून तर बघा," मी म्हटलं.